ठिणगी न उडवता बसवलेला जिना

माझ्या थोरल्या नणंदबाई लोखंडी जिन्यांची चित्रं काढतात. 'चित्रं' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "चित्रं बालवाडीत काढतात. मी काढते ते ड्रॉइंग," असं त्या कुणालाही तोंडावर सांगतात. घरात सगळे त्यांना ताईच म्हणतात, मीही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या नोकरीला लागलेल्या होत्या, आणि आता माझी लेक तिच्या संसाराला लागली तरी त्या त्याच कारखान्यात आहेत. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक म्हणूनच आमचं दोघींचं जमतं.

कारखाना आमच्या मागच्याच गल्लीत. वर पत्रा, आत शिरलं की तापलेल्या लोखंडाचा वास, एका भिंतीला पाईप आणि पट्ट्या आडव्या रचलेल्या. कोपऱ्यात काचेची एक खोली आणि तिथे ताईंचा ड्रॉइंग बोर्ड, दाराएवढा, तिरका. त्यावर त्या उभ्यानं काम करत. पेन्सिलीला टोक ब्लेडनं काढत, लांब, सुईसारखं. खोडरबराचा चुरा कधी फुंकत नसत, मऊ ब्रशनं झाडत. फुंकलं की थुंकी उडते आणि कागदाला डाग पडतो, असं त्यांचं म्हणणं. मी घरी बायकांचे कपडे शिवते, त्यामुळे हत्यारं जपणारा माणूस मला लांबून ओळखता येतो.

मग ते वाचनालयाचं काम आलं.

जुन्या वाचनालयाचं मधलं दालन लांबगोल आहे, अंड्यासारखं. तिथला लाकडी जिना वाळवीनं खाल्ला होता. नवा लोखंडी जिना भिंतीला धरून वळत वर जायला हवा होता. दालन गोल असतं तर एक पायरी काढली की बाकीच्या तिच्यासारख्याच. लांबगोलात वळण जागोजागी बदलतं, त्यामुळे पायऱ्या बहिणी-बहिणी दिसतात पण एकीचं माप दुसरीला चालत नाही. वर वाचनालयाची अट अशी की दालनात वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, ड्रिल नाही. एक ठिणगी उडता कामा नये, कारण वरचा मजला पुस्तकांनी भरलेला आणि ती ते हलवणार नव्हते. सगळे भाग कारखान्यात तयार करायचे आणि आत नुसते बोल्टनं जोडायचे.

मालकांनी काम घेतलं. मालकांचा स्वभावच तो, आधी उडी मारायची आणि मग पाणी किती खोल आहे ते विचारायचं.

त्यांची लेक इंजिनिअर होऊन नुकतीच कारखान्यात यायला लागली होती. ती म्हणाली, "बाबा, हे बोर्डवर नाही व्हायचं. कॅडमध्येच करावं लागेल." कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. त्यात नुसत्या रेघा मारायच्या नसतात. आख्खा जिना पडद्यावर उभा करायचा, सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा, आणि मग त्याच फाईलवरून लेझरची मशीन पत्रा कापते, भोकंसुद्धा तीच पाडते.

"मग बाहेरून कुणीतरी कॅडवाला आणू," मालक म्हणाले.

"मी करते," ताई म्हणाल्या.

मालकांनी चष्मा काढून हातात घेतला. "बाई, मोबाईलवर गजर लावायला तुम्ही माझ्या लेकीला हाक मारता."

"गजर लावायला मारते. जिना काढायला आजवर कुणाला हाक मारली?"

मालक मनानं वाईट नाहीत, पण त्या दिवशी ते स्पष्टच बोलले. "हे बघा बाई, बोर्डचे दिवस संपले. हा जिना कॅडवर काढून बसवलात तर ड्रॉइंगची खुर्ची तुमची, तुम्ही म्हणाल तोवर. नाही बसला तर तुम्ही स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळा. पगार तोच राहील, पण ड्रॉइंग दुसरं कुणी करेल."

घरी येऊन ताईंनी हे एवढंच सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "पगार तोच, म्हणे." मग त्या हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला. ह्या बाईच्या हातून ड्रॉइंग गेलं तर मागे काय उरेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी मनातल्या मनात देवाला सांगितलं, यांना दुसरं काही देऊ नकोस हवं तर, पण आहे ते काढून घेऊ नकोस.

पहिली झुंज झाली ती कॉम्प्युटरवरून. कारखान्यात बिलांचा एक कॉम्प्युटर होता. मालक म्हणाले, त्यावरच टाका की. टाकलं. सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा पिऊन होई. एक पायरी काढली, चालली. चार काढल्या, कुरकुरत का होईना चालल्या. कठडा जोडला आणि पडद्यावरचा जिना चढावरच्या भरलेल्या हातगाडीसारखा सरकायला लागला. एक झटका, मग थांबा, मग एक झटका. शेवटी पडदा पांढरा पडला आणि सगळं गेलं.

"बिलं तर कशी भराभर निघतात," मालक म्हणाले.

"बाबा, सायकलवरून भाजी आणता येते. कपाट आणता येतं का?" लेक म्हणाली.

तिनं ताईंना समजावलं आणि ताईंनी मला. प्रोसेसर म्हणजे हात. या कामात नुसते पुष्कळ हात असून भागत नाही, कारण एका पायरीचं गणित सुटल्याशिवाय पुढचीचं सुटत नाही, म्हणून एक तरी हात चपळ हवा. मेमरी म्हणजे ओटा. कपाटात सामान कितीही असू दे, स्वयंपाक ओट्यावर मावेल तेवढाच होतो. ओटा लहान असला की सगळा वेळ उचल-ठेव करण्यात जातो, आणि बिलांच्या कॉम्प्युटरचा ओटा म्हणजे चहाचा ट्रे होता. डिस्क म्हणजे कपाट, ते झटकन उघडणारं हवं, जुनं फिरत्या तबकडीचं नको. आणि ग्राफिक्स कार्ड. जिना पडद्यावर फिरवायचा तर दर क्षणाला त्याचं रूप नव्यानं रंगवावं लागतं. ते काम प्रोसेसरच्या गळ्यात मारलं तर तो गणित कधी करणार? म्हणून रंगवणारा माणूस वेगळा ठेवायचा.

कॉम्प्युटरच्या दुकानात मीही गेले होते. मला शिलाई मशीनचा पट्टा घ्यायचा होता आणि ते दुकान शेजारीच. दुकानदारानं आधी एक काळी पेटी दाखवली, आत लाल-निळे दिवे पळत होते.

"ह्याला काय होतंय?" मालकांनी विचारलं.

"काही नाही सर, तो लुक आहे. गेम खेळणारे हाच नेतात."

"लुक नको. मला जिना हवाय."

लेकीनं शांतपणे सांगितलं की कार्ड गेमचं नको, या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं तपासून पास केलेलं हवं. गेममध्ये एखादी रेघ क्षणभर गायब झाली तर कुणाचं बिघडत नाही, इथे रेघ दिसली नाही तर भोक चुकतं. दुकानदारानं ते कार्ड आणलं, किंमत सांगितली, आणि मालक म्हणाले, "त्याला काय सोन्याचे दात आहेत?"

ताई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "वेल्डिंगचं मशीन घेताना तुम्ही मिस्त्रींना विचारलं होतंत ना, कुठलं हवं? हे माझं वेल्डिंगचं मशीन आहे."

मालकांनी कार्ड घेतलं, मोठा पडदाही घेतला. माऊस मात्र ताईंनी स्वतः निवडला. दुकानातला प्रत्येक माऊस हातात धरून त्याचं चाक बोटानं फिरवून पाहिलं. पेन्सिल घेतानाही त्या अशाच चिकित्सा करायच्या. दुकानदार कंटाळून गेला.

शिकणं सुरू झालं. काही गोष्टी ताईंना बघताक्षणीच कळल्या. सॉफ्टवेअरमध्ये लेयर असतात, भिंत एका थरावर, पायऱ्या दुसऱ्यावर, कठडा तिसऱ्यावर, हवा तो दाखवा, नको तो झाका. "हे तर आपले ट्रेसिंग पेपर," त्या म्हणाल्या, "एकावर एक ठेवलेले." अडल्या त्या भलत्याच ठिकाणी.

बोर्डवर आख्खा जिना खऱ्या मापात मावत नाही. म्हणून सगळं दहापट लहान काढायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर भागाकार डोक्यात होत नाही, बोटांतच होतो. कॉम्प्युटरमधल्या कागदाला कडाच नाहीत. तिथे वस्तू खऱ्या मापातच काढायची आणि लहान करायची ती फक्त छापताना. लेकीनं हे सांगितलं होतं, ताईंनी मान डोलावली होती, आणि बोटांनी आपल्या सवयीनं भागाकार केला होता.

पहिली पायरी नमुन्याला म्हणून लेझरवर गेली. सगळा कारखाना बघायला जमला. जिने जोडून बसवणाऱ्या मिस्त्रींनी मशीनमध्ये हात घातला आणि पायरी तळहातावर ठेवून बाहेर काढली. मिस्त्री म्हणजे खांबासारखा उंच माणूस, त्यामुळे ती आणखीनच इवली दिसली.

"बाई, काम एकदम सुबक आहे," ते म्हणाले. "उंदरांना निरोप धाडू का, या म्हणून?"

"मांजर मागे लागलं तर सोय होईल त्यांची," वेल्डर म्हणाला.

सगळे हसले. मालक तेवढे हसले नाहीत, आणि ताईंना तेच जास्त लागलं.

घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "मापं बरोबर होती गं. एकूण एक बरोबर. नुसती दहापट लहान." आणि मग त्यांनाच हसू फुटलं. दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. हसणं ओसरल्यावर त्यांनी पिशवीतून आपली त्रिकोणी स्केलपट्टी काढली, जिच्यावर लहान केलेली मापं कोरलेली असतात, आणि माझ्या हातात दिली. "ही तुझ्या कपड्यांच्या कपाटात टाक. मी मागितली तरी देऊ नकोस." त्यांनी मागितली, दोनदा. मी दिली नाही.

पुढे नवं मशीनही एक दिवस धापा टाकायला लागलं. पंखा घुं-घुं करायचा आणि जिना जागचा हलायचा नाही. मालक काचेतून डोकावून म्हणाले, "हे पण म्हातारं झालं का?" लेकीनं शोधलं तेव्हा दोष बोल्टांचा निघाला. ताईंनी एक बोल्ट अगदी खऱ्यासारखा काढला होता, त्यावरचे पिळाचे आटे एकेक करून, आणि तोच प्रत्येक भोकात बसवला होता. प्रत्येक आट्याचं वळण मोजता मोजता मशीन मेटाकुटीला आलं होतं.

"मावशी, आटे फार छान झालेत, पण ते बघणार कोण?"

"मी," ताई म्हणाल्या. पण त्यांनी ते काढले, जागी साधे गुळगुळीत बोल्ट ठेवले, आणि मशीन धावायला लागलं. घरी मला म्हणाल्या, "ओटा मोठा मिळाला म्हणून मी त्यावर आख्खं घर मांडलं होतं."

त्यानंतर त्यांनी जो जिना काढला तो वेगळाच होता. या सॉफ्टवेअरमध्ये मापं एकमेकांना बांधता येतात. पायरीची उंची एकूण उंचीला बांधायची, रुंदी भिंतीच्या वळणाला, कठडा पायऱ्यांना. मुळातलं माप बदललं की सगळी वरात मागोमाग हलते. पण बांधायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात दाखवायला काही नसतं. मिस्त्री रोज काचेशी येऊन उभे राहत.

"बाई, लोखंड गंजायला लागलं."

"गंजू दे. घासायचं तुम्हालाच आहे."

त्यांनी पडद्यावरच्या जिन्यात मिस्त्रींच्या उंचीचा एक दंडगोल उभा केला होता, चढताना वरची तुळई लागते का बघायला. मिस्त्रींनी विचारलं, "त्यात माझं डोकं कुठे आहे?" ताई म्हणाल्या, "डोकं नाही घेतलं. नुसती उंची घेतली." हे पुढे कितीतरी दिवस कारखान्यात फिरत होतं.

आणि एका दुपारी मालक पडलेल्या चेहऱ्यानं खोलीत आले. वाचनालयानं वरच्या मजल्यावर, कपाटांपुढच्या मोकळ्या जागेत, नव्या लाकडी फळ्या टाकायचं ठरवलं होतं. मजला दोन बोटं वर जाणार. बोर्डवर याचा अर्थ एकच होता, सगळे कागद फाडा आणि पहिल्यापासून सुरू करा.

"उंची किती झाली आता?" ताईंनी विचारलं. आकडा टाकला. मशीन क्षणभर थांबलं, आणि मग पोक काढून बसलेला माणूस पाठ ताठ करतो तसा आख्खा जिना सावकाश वर सरकला. पायऱ्या हलल्या, कठडा हलला, भोकंसुद्धा हलली. वरच्या टोकाला एक ठिपका लाल झाला. कठड्याचा एक खांब तुळईला जाऊन भिडत होता. ताईंनी तो अलीकडच्या पायरीवर घेतला. लाल गेलं.

"म्हणजे?" मालक म्हणाले.

"म्हणजे झालं."

मालकांनी स्टूल ओढलं. "परत करून दाखवा." ताईंनी जिना उंच केला, बुटका केला, परत जागेवर आणला. मालक लहान मुलासारखे बघत बसले. ते लेकीला म्हणाले, "कार्डाला दात आहेत खरे."

पण खरी परीक्षा पुढेच होती. जिने करणाऱ्यांची एक रीत आहे. शेवटची, सगळ्यात वरची पट्टी दोन बोटं वाढीव ठेवायची, आणि जागेवर उभं राहून, भिंत बघून कापायची. मिस्त्री म्हणाले, यालाही वाढ ठेवा.

"आत कापता येणार नाही," ताई म्हणाल्या.

"लावून बघू, परत आणून इथे कापू, मग नेऊ."

"आणि भोकं? लांबी नक्की नाही तर टोकाची भोकं कुठे पाडू? आत ड्रिलही नाही."

"बाई, तुमच्या मापावर माझा विश्वास आहे. भिंतीवर नाही."

हे बोलणं ताईंच्या मनाला लागलं, कारण ते खरं होतं. त्या मालकांच्या लेकीला घेऊन वाचनालयात गेल्या आणि जिना अडकवायला वाचनालयानं भिंतीत आधीच बसवून घेतलेल्या प्रत्येक लोखंडी खुंटीचं आणि वरच्या तुळईतल्या तयार भोकांचं माप पुन्हा घेतलं. खालून वर घेतलं, वरून खाली घेतलं. दोन ठिकाणी थोडा फरक निघाला, तो फाईलमध्ये घातला.

घरी मीसुद्धा मिस्त्रींचीच बाजू घेतली. कापड कापताना मी शिवणीत माया ठेवतेच, उद्या माणूस जाड झाला तर उसवून वाढवता येतं. "ताई, थोडी तरी ठेवा."

"भिंत जाड होत नाही गं."

"चुकलं तर ती पट्टी भंगारात जाईल. आणि तुम्ही स्टोअरमध्ये."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण थोडी माया ठेवली की भोकं सगळीच चुकतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईल नेमक्या मापात, जराही वाढ न ठेवता, लेझरला पाठवली.

जिना बसवायच्या दिवशी मला त्यांनी बरोबर चल म्हटलं. दालनात जुन्या कागदाचा वास होता आणि उंचावरच्या खिडक्यांतून ऊन सरळ जमिनीवर पडलं होतं. जाड कांबळ्यांवर जिन्याचे भाग ओळीनं मांडलेले. वाचनालयाचे व्यवस्थापक हात मागे बांधून येरझाऱ्या घालत होते. मिस्त्रींनी खालून सुरुवात केली. पायरी लावायची, बोल्ट घालायचे, पान्यानं करकचून आवळायचे, मग पुढची. भोकासमोर भोक येत होतं. मिस्त्रींनी पिशवीत हातोडा आणला होता, तो बाहेर निघालाच नाही. अर्धा जिना झाला तेव्हा ते ताईंकडे वळले, नुसत्या भुवया उंचावल्या आणि पुन्हा कामाला लागले.

शेवटची पट्टी दोरीनं वर घेतली. टेकवली. ती बसली नाही.

अगदी थोडं अडत होतं. वरच्या तुळईतली भोकं पट्टीच्या भोकांतून अर्धीच दिसत होती. मालकांनी भिंतीला हात टेकला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

ताई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं, मग खालच्या पायऱ्यांकडे बघितलं. "मिस्त्री, खालचे बोल्ट सगळे आवळलेत?"

"आवळलेत. ढिलं काम मी करत नाही."

"सैल करा. सगळे."

"सगळे?"

"वेल्डिंगमध्ये एकेक पायरी पक्की करत जायचं, ते बरोबर. इथे प्रत्येक बोल्ट जिन्याला थोडा आपल्याकडे ओढतो. खाली थोडं थोडं ओढलेलं वर येऊन साठलंय. आधी सगळं नुसतं बोटानं अडकवायचं, आवळायचं ते शेवटी."

मिस्त्री खाली उतरले. कुरकुर केली नाही असं नाही, पण केलं. माणसं पायरीपायरीवर बसून पाने उलटे फिरवू लागली. सगळा जिना किंचित सैलावला, दिवसभर उभं राहिलेलं माणूस चपला काढतं तसा. मिस्त्री परत वर गेले, पट्टीला एका हातानं खाली दाबलं, आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला.

त्यांनी खिशातून बोल्ट काढला आणि भोकात सोडला. तो आरपार गेला. दुसरा गेला, तिसराही. बोटांनीच गेले.

"बसली," ते म्हणाले, आणि मग, आपलंच ऐकू आलं नसल्यासारखं, मोठ्यानं पुन्हा, "बाई, बसली."

बोल्ट वरून खाली, सावकाश, आवळले गेले. मग व्यवस्थापक पुढे झाले तेव्हा मालकांनी त्यांना हातानं थांबवलं. "आधी बाई."

ताई साडी सावरून एकट्या वर चढल्या. कठड्याला हात लावला नाही. वरच्या पायरीवर पोचल्यावर थांबल्या, एक पाय नव्या फळ्यांवर ठेवला, एक जिन्यावर, आणि दोन्हींवर आळीपाळीनं भार देऊन पाहिला.

"उंचसखल आहे का?" मालकांनी खालून विचारलं.

"नाही."

"हलतो?"

"नाही. या वर सगळे."

आम्ही चढलो. व्यवस्थापक, मालकांची लेक, वेल्डर, मी, सगळे त्या वळणावर एकामागे एक, आणि पायाखाली कुठे चुकूनसुद्धा आवाज नाही. वर पुस्तकांच्या कपाटांपुढे गर्दी झाली. मालकांनी घसा साफ केला. "मिस्त्री, उद्यापासून ड्रॉइंगमध्ये काही शंका आली तर मला विचारायचं नाही. बाईंना विचारायचं."

मिस्त्री पान्याला लागलेलं तेल फडक्यानं पुसत होते. "तुम्हाला कधी विचारलं होतं?" ते म्हणाले.

ताई हसल्या. वाचनालयात इतक्या मोठ्यानं हसू नये एवढ्या मोठ्यानं, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही.